‘वजन’ आणि ‘वस्तुमान’ : एक संज्ञा समजावून सांगताना

शास्त्रीय परिभाषेविषयी आपल्याकडे जी चर्चा होत आली आहे ती बहुतांशी शब्दनिवडीची चर्चा आहे. शब्द संस्कृत घ्यावा की देशी, इंग्रजी संज्ञा तशीच ठेवावी की तिला आपले रूप द्यावे, सर्व भारतीय भाषांची एकरूपता मोठी की ज्या त्या भाषेचा स्वभाव मोठा, या प्रश्नांवर १९६१ साली केंद्र सरकारचा वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन झाला तेव्हापासून, किंबहुना त्याच्याही पूर्वीपासून, पुष्कळ लिहिले गेले आहे. शब्द एकदा ठरल्यानंतर तो समजावून कसा सांगायचा, हा प्रश्न मात्र शाळामास्तरांवर सोपवून विद्वान मंडळी मोकळी झाली. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, आणि तोही एकाच जोडीच्या आधाराने : वजन आणि वस्तुमान.

ही जोडी निवडण्यास एक वैयक्तिक कारण आहे. माझे शालेय शिक्षण तालुक्याच्या एका गावी मराठी माध्यमातून झाले. पदार्थात सामावलेला द्रव्याचा साठा म्हणजे वस्तुमान, अशा आशयाची व्याख्या मी पाठ केली, दर परीक्षेत बिनचूक लिहिली आणि दर वेळी पूर्ण गुण मिळवले. तिचा अर्थ मला कळलेला नव्हता. द्रव्याचा साठा मोजायचा तर तो तराजूत घालूनच मोजणार ना, मग ते वजनच झाले, ही शंका मी कोणाला विचारली नाही. पुढे विज्ञान सोडून साहित्याकडे वळताना माझ्या मनात अशी एक समजूत घट्ट बसली होती की, ही शास्त्रे इंग्रजीतच समजतात. मराठीत ती नुसती लिहिता येतात. ही समजूत चुकीची होती हे ध्यानात यायला फार वर्षे जावी लागली. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या अनेक मित्रांना मी पुढे हाच प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनीही पाठ केलेले वाक्यच मला ऐकवले. फक्त ते इंग्रजीत होते.

गेल्या सत्रात भारतीय साहित्याच्या एका वर्गात अनुवादाची चर्चा चालू असता मी विद्यार्थ्यांना सांगितले की, प्रत्येकाने आपापल्या भाषेत वस्तुमानाला काय म्हणतात ते फळ्यावर लिहावे आणि तो शब्द न वापरता त्याचा अर्थ सांगावा. वर्गात आठ-नऊ भाषा होत्या. पहिले काम पाच मिनिटांत झाले. दुसरे काम त्या तासात झालेच नाही.

फळ्यावर जे शब्द उमटले ते पाहण्यासारखे होते. हिंदीत ‘द्रव्यमान’, मराठीत ‘वस्तुमान’, ओडियात ‘वस्तुत्व’, कन्नड आणि तेलुगूत ‘द्रव्यराशी’, गुजरातीत ‘दळ’, जे मराठी कानाला सैन्य तरी वाटते किंवा फुलाची पाकळी, बंगालीत ‘भर’, तमिळमध्ये ‘निऱै’, ज्यात भरलेपणाची छटा आहे, मलयाळममध्ये ‘पिंडम्’, आणि उर्दूत ‘कमियत’. वजनासाठी मराठी, गुजराती, बंगाली आणि ओडिया या चौघींनी अरबी ‘वज्न’ हाच शब्द थोड्याफार फरकाने घरात घेतला आहे. हिंदी बाजारात ‘वजन’ म्हणते, पाठ्यपुस्तकात ‘भार’ म्हणते. कन्नडमध्ये ‘तूक’ आहे. तमिळमध्ये ‘एडै’ आहे, आणि तो उचलणे या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे, म्हणजे उचलताना जे कळते ते.

यातील एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. हिंदीचा ‘भार’ आणि बंगालीचा ‘भर’ हे दोन्ही शब्द ‘भृ’ या एकाच धातूपासून निघाले. वाहणे, धारण करणे हा त्याचा अर्थ. परंतु शास्त्राने जी रेघ ओढली तिच्या एका बाजूला हिंदीचा शब्द पडला आणि दुसऱ्या बाजूला बंगालीचा. हिंदी मुलासाठी तो धातू वजनाचा आहे, बंगाली मुलासाठी वस्तुमानाचा. संस्कृत शब्द घेतला म्हणजे सर्व भाषांत अर्थ आपोआप एक होईल, ही जी आशा परिभाषेच्या चर्चेत पुनःपुन्हा व्यक्त होते, तिचा पडताळा या दोन शब्दांवरच घ्यावा. धातू एक असला तरी रेघ कोठे ओढायची हे त्याने सांगितलेले नाही.

मलयाळी विद्यार्थ्याचा ‘पिंडम्’ वाचून वर्गातील मराठी आणि हिंदी मुले हसली. आपल्याकडे पिंड म्हटला की श्राद्धाचा भात आठवतो, कावळा आठवतो. परंतु तुलनेच्या दृष्टीने पाहिले तर मूळ युरोपीय शब्दाला सर्वांत जवळचा शब्द हाच आहे. लॅटिनमधील ‘मास्सा’ म्हणजे कणकेचा गोळा. तो ग्रीक ‘माझा’वरून आला, आणि त्याचा अर्थ जवाची भाकर. (ख्रिस्ती उपासनेचे नाव असलेला ‘मास’ हा शब्द वेगळा, त्याचे मूळही वेगळे.) म्हणजे ज्या संज्ञेपुढे आपण इतके दबून जातो ती तिच्या घरी स्वयंपाकघरातूनच बाहेर पडली. आपण मात्र स्वयंपाकघर टाळून थेट दर्शनशास्त्राच्या दालनातून ‘द्रव्य’ आणि ‘वस्तू’ उचलली. न्यूटनने १६८७ सालच्या ‘प्रिन्सिपिया’त पहिलीच व्याख्या याची केली, तिथे त्याने द्रव्याचे परिमाण हा शब्दप्रयोग योजला आणि ते घनता व आकारमान यांच्या गुणाकाराने येते असे म्हटले. भारतीय भाषांपैकी हा ‘किती’चा अर्थ उर्दूने सरळ राखला, कारण ‘कमियत’च्या मुळाशी ‘किती’ विचारणारा अरबी शब्द आहे. अर्थात मराठी कानाला तिथे ‘कमी’ ऐकू येते, तो भाग निराळा.

न्यूटनच्या व्याख्येवरही आक्षेप आला. घनता म्हणजे ठरावीक जागेत किती वस्तुमान आहे ते. मग वस्तुमानाची व्याख्या घनतेच्या आधारे करणे म्हणजे गोल फिरून जागेवर येणे, असे एर्न्स्ट माख याने १८८३ मध्ये दाखवून दिले. आठवीत मला जी अडचण वाटली होती ती एवढ्या थोर घरची आहे हे त्या वयात कळले असते तर बरे झाले असते.

आता मराठी शब्दाकडे वळू. ‘-मान’ हा मराठीत अतिशय राबता प्रत्यय आहे. तापमान, पर्जन्यमान, आयुर्मान, राहणीमान. ‘हवामान’ शब्दात तर अरबी हवेला संस्कृत मान जोडलेले आहे आणि ते कोणाला खटकत नाही. या सर्व शब्दांत पूर्वपद ज्याचे नाव घेते त्याचे माप उत्तरपद घेते. पाऊस किती, आयुष्य किती. त्यामुळे ‘वस्तुमान’ पाहताक्षणी समजल्यासारखे वाटते, आणि नेमकी तिथेच फसगत होते. ‘वस्तू किती?’ याला मराठीत उत्तर नाही. नगाने विचारता, मापाने की वजनाने? त्यातून पाठ्यपुस्तकात शेजारीच ‘आकारमान’ बसलेले असते. कापसाची गोणी मोठी म्हणून तिचे वस्तुमान मोठे, असे मूल म्हणते तेव्हा ते शब्दाशी प्रामाणिकच असते. पारदर्शक दिसणारी संज्ञा ही अपारदर्शक संज्ञेपेक्षा अधिक धोक्याची असते, असे माझे मत झाले आहे. अनोळखी शब्द निदान थांबून विचारायला लावतो.

वर्गातील कोंडी फुटली ती वजनाच्या बाजूने. एका विद्यार्थिनीने विचारले, मराठीत ‘वजन’ आणखी कशाकशाला म्हणतात? मी सांगू लागलो. ज्याच्या शब्दाला वजन असते तो. आपले वजन खर्चून काम करून घेणारा. कचेरीत कागदावर ठेवावे लागते ते वजन. सभेतला वजनदार माणूस. उर्दू काव्यशास्त्रात तर वृत्ताच्या मापाला ‘वज्न’ म्हणतात. आपल्या छंदःशास्त्रातही अक्षरे लघू आणि गुरू, म्हणजे हलकी आणि जड असतात. बोलता बोलता मी म्हणालो, एखाद्याचे मंत्रिपद गेले की दुसऱ्या दिवशी त्याचे वजन जाते. त्यावर ती म्हणाली, ‘‘पण सर, माणूस तर तेवढाच राहतो.’’

मला आठवीत हवे होते ते वाक्य हे. वजन हे माणसाचे स्वतःचे नसते. तो कोठे बसला आहे, कोणाच्या ओढीत आहे, यावर ते ठरते. मराठी वाक्प्रचाराला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पदार्थविज्ञानातील वजनही असेच आहे. पृथ्वी वस्तूला ज्या बलाने आपल्याकडे ओढते ते तिचे वजन. जागा बदलली की ओढ बदलते आणि वजन बदलते. वस्तू तेवढीच राहते. चंद्रावर ओढ पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश, म्हणून तेथे वजनही तितकेच. पण एवढ्यासाठी चंद्रावर जाण्याचे कारण नाही. १६७२ साली झाँ रिशे हा फ्रेंच ज्योतिषी दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या कायेन येथे गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बरोबर चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाकाठी सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. लंबक तोच होता. त्याला खाली ओढणारे बल किंचित कमी झाले होते. आजच्या मोजणीप्रमाणे ६० किलोच्या माणसाने विषुववृत्तावरून ध्रुवापर्यंत प्रवास केला आणि दोन्हीकडे ताणकाट्यावर स्वतःला तोलले, तर ध्रुवावर काटा सुमारे ३०० ग्रॅम अधिक दाखवील.

येथे ‘ताणकाट्यावर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ताणकाट्यात स्प्रिंग असते आणि ओढीप्रमाणे ती लांबते, म्हणून तो खरोखर वजन मोजतो. दोन पारड्यांचा तराजू तसे करीत नाही. एका पारड्यात बटाटे, दुसऱ्यात किलोचे माप. चंद्रावर नेले तर दोन्हींची ओढ सारख्याच प्रमाणात घटते आणि दांडी सरळच राहते. म्हणजे आपला वाणी पिढ्यान्पिढ्या तोंडाने वजन म्हणत आला आणि हाताने वस्तुमान मोजत आला. शेर, अदशेर, पाव, नवटाक ही मापे होती तेव्हाही तेच, आणि १९५८ पासून मेट्रिक मापे आली तेव्हाही तेच. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, असे कोष्टक करता आले ते यामुळेच की दोन्ही मापे वस्तुमानाची होती. ‘माझे वजन ६० किलो’ हे वाक्य शास्त्रीय काटेकोरपणाने चुकीचे आहे, कारण किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे. वजन न्यूटनमध्ये सांगावयाचे आणि एका किलोग्रॅमचे वजन पृथ्वीवर सुमारे ९.८ न्यूटन भरते. तथापि ही चूक सुधारण्याच्या मागे लागू नये. बाजाराची भाषा बाजारात बरोबर आहे.

मागे एक प्रश्न उरतो. वजन गेले तरी जे राहते ते आहे तरी काय? ते हाताला कसे कळावे? इथे मी वर्गापुढे आमच्या घरचा झोपाळा ठेवला. चार कड्यांना टांगलेल्या त्या लाकडी फळीवर आजोबा बसलेले असत आणि आम्ही मुले त्यांना ढकलत असू. आजोबांचे सगळे वजन वर तुळईने पेललेले. आमच्या हातांवर त्यातले काहीच नाही. तरीही स्थिर झोपाळ्याला पहिली गती देताना दम लागे, आणि धाकट्या बहिणीला बसवले की लागत नसे. वजन जर तुळईवर होते तर आमच्या हातांना विरोध करीत होते ते काय? तेच वस्तुमान. आणि झोपाळा चालू असताना मध्येच धरून थांबवू पाहिले, तरी तोच विरोध. स्थिर वस्तूला हलवताना आणि हलत्या वस्तूला थांबवताना ती जो हट्ट धरते त्याला शास्त्रात जडत्व म्हणतात, आणि त्या हट्टाचे माप म्हणजे वस्तुमान. माखची हरकत या व्याख्येला लागत नाही. द्रव्याचा साठा वगैरे गूढ काही तिच्यात उरत नाही.

पण ‘जडत्व’ म्हणताच मराठीत नवा पेच पडतो, आणि हा पेच खास मराठीचा आहे. संस्कृतात जड म्हणजे अचेतन, मंद, स्वतःहून न हलणारे. हिंदीने तोच अर्थ ठेवला. ओझ्याला हिंदी ‘भारी’ म्हणते. मराठीत मात्र ओझे ‘जड’ असते. पेटी जड, दप्तर जड, पाय जड, गणित जड जाते. ‘जडत्व’ हा शब्द वाचल्याबरोबर मराठी मुलाला वजनच आठवणार. जे वेगळे करायला निघालो तेच पुन्हा एका शब्दात एकत्र बांधले गेले. एका मित्राने सुचवले की, मराठीपुरता येथे दुसरा शब्द घ्यावा. मला ते पटत नाही, आणि त्याचे कारण भाषिक नसून पदार्थविज्ञानातले आहे.

पृथ्वी वस्तूला किती ओढते, आणि वस्तू हलायला किती विरोध करते, या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. त्या एकमेकींच्या प्रमाणात असाव्यात असे कोणतेही तर्कबंधन नाही. वैशेषिकांनी गुरुत्व हा पतनाचे कारण असणारा गुण मानला, तो पृथ्वी आणि जल या द्रव्यांचाच ठेवला, आणि तो प्रत्यक्ष दिसत नाही, पडण्यावरून अनुमानाने कळतो, असे सांगितले. हलवण्याला होणाऱ्या विरोधाशी त्यांनी त्याचा संबंध जोडला नाही. (वैशेषिकांचाच ‘स्थितिस्थापक’ हा संस्कार मात्र मराठी आणि बंगाली शास्त्रीय परिभाषेत आजही जिवंत आहे, हिंदीने तेथे ‘प्रत्यास्थता’ हा शब्द घेतला.) भास्कराचार्यांच्या ‘गोलाध्याया’त पृथ्वी आपल्या शक्तीने जड वस्तूंना आपल्याकडे ओढते असे म्हटले आहे, तेथेही प्रश्न ओढीचाच आहे. त्यावरून आधुनिक सिद्धांत सगळाच तेथे होता असे म्हणण्याची जी हौस आपल्याकडे दिसते, तिच्यामुळे भास्कराचार्यांचे खरे मोठेपण झाकले जाते.

न्यूटनला हा प्रश्न दिसला. त्याने दोन सारख्या लाकडी पेट्या अकरा फूट लांबीच्या दोऱ्यांना टांगल्या आणि त्यांत सोने, रुपे, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू अशा नऊ जिनसा आळीपाळीने, समान वजनाने भरून त्या झुलवल्या. जडत्व आणि वजन यांचे प्रमाण जिनसागणिक बदलत असते तर झोके पुढेमागे झाले असते. ते बरोबरच राहिले. फरक असलाच तर तो हजारात एका भागाहून कमी, असा त्याने निष्कर्ष काढला. पुढे लोरांड एटव्हश या हंगेरियन शास्त्रज्ञाने हीच तुलना कितीतरी अधिक सूक्ष्मतेने केली, उत्तर तेच. ही समानता योगायोगाची म्हणून सोडून देणे आइन्स्टाइनला पटले नाही. १९०७ पासून तो या विचारामागे लागला आणि १९१५ च्या त्याच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताचा तोच पाया ठरला. जड वस्तू ओढली जाते आणि जड वस्तू हलत नाही, या दोन वाक्यांत मराठीने एकच विशेषण वापरले आहे. मराठीला हे माहीत होते असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. परंतु शिक्षकाने तो शब्द टाकून देऊ नये. आधी त्याचे दोन अर्थ दोन हातांत वेगळे धरून दाखवावेत, एक तुळईवर आणि एक ढकलणाऱ्या तळव्यावर. आणि मूल मोठे झाल्यावर, हे दोन आकडे दर वेळी सारखेच का येतात असे त्याला विचारावे.

वर्गातील कन्नड विद्यार्थ्याने तासाच्या शेवटी एक भर घातली. ‘तूक’ ज्या ‘तूगु’ धातूपासून आला त्याचा अर्थ तोलणे असा आहे, तसाच झुलवणे असाही आहे. पाळणा हलवायलाही तोच शब्द. मला हे माहीत नव्हते. त्याला मी अंतराळस्थानकाची गोष्ट सांगितली. तेथे यात्री आणि त्यांचे स्थानक पृथ्वीभोवती सतत बरोबरच पडत असतात, त्यामुळे पायाखाली काटा ठेवला तर तो शून्य दाखवतो. पारड्यांचा तराजूही तेथे निकामी. तरीही यात्रींचे शरीर झिजते आहे का, हे वैद्यांना कळावे लागते. त्यासाठी १९७३ च्या ‘स्कायलॅब’पासून स्प्रिंगला जोडलेले एक आसन वापरात आले. यात्री त्यावर बसतो आणि पुढे-मागे झुलतो. वस्तुमान अधिक तर झोका सावकाश, कमी तर झोका जलद. झोक्याला लागलेल्या वेळावरून किलोग्रॅम काढतात. आमच्या घरच्या झोपाळ्याचे असे नव्हते. तेथे आजोबा बसोत की बहीण, झोक्याला वेळ जवळजवळ तेवढाच लागे, कारण तेथे ओढ आणि हट्ट दोन्ही एकदम वाढत. अंतराळातल्या झोपाळ्याला फक्त हट्ट उरतो. ‘‘म्हणजे तिथे तूगु केले की तूक कळत नाही, द्रव्यराशी कळते,’’ असे तो म्हणाला, आणि फळ्यावरच्या आपल्या दोन शब्दांमध्ये त्याने एक बाण काढला.